न मारलेले ठोके

इंग्रजीत हे मी एकदा लिहिलं आहे. अडीच पानांचा अहवाल होता. त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं, तरी तो वाचून मी काय केलं होतं ते कुणालाही कळलं नसतं. म्हणून पुन्हा लिहिते आहे.

चाळीसगावच्या दक्षिणेला जिथे डोंगर चढायला लागतो, तिथे एका बोगद्याचं काम चालू होतं. ती माझी पहिली नोकरी. जळगावहून रोजचं येणं-जाणं जमणारं नव्हतं, म्हणून चाळीसगावात एका निवृत्त शिक्षिकेकडे खोली घेतली होती. शनिवारी संध्याकाळी घरी जायचे. तिथे नक्की काय करतेस असं कुणी विचारलं, तर मी 'डेटा बघते' एवढंच सांगायचे. वडिलांनी मात्र दुकानातल्या गिऱ्हाइकांना सांगून टाकलं होतं की मुलगी भूकंप मोजते.

ते अगदीच चूक नव्हतं. बोगदा खोदताना आजूबाजूच्या खडकावरचा भार हलतो आणि खडक आतल्या आत तडकतो. हे हादरे इतके बारीक असतात की बहुतेकदा माणसाला जाणवतही नाहीत. ते कुठे होतात हे समजलं, तर खडक कुठे सैल होतो आहे ते आधी कळतं. त्यासाठी डोंगरात खोल भोकं पाडून त्यांत सेन्सर सोडलेले असतात. तडकल्याचा धक्का जवळच्या सेन्सरला आधी पोचतो, लांबच्याला नंतर. त्या वेळांच्या फरकावरून जागा काढायची. घरात भांडं पडलं की ते स्वयंपाकघरात पडलं की न्हाणीत, हे आपल्याला न उठता कळतं, तसंच. आम्हाला दोन कानांऐवजी सहा दिलेले होते.

सहापैकी दोन सुरुवातीपासूनच बंद होते. त्यांचे भाग यायचे होते. उरले चार. दोन बोगद्याच्या रेषेवर, एक पुढे आणि एक मागे. तिसरा पूर्वेला, एका वस्तीच्या कडेला. चौथा पश्चिमेला, नाल्याच्या बाजूला, रेषेपासून साधारण तितक्याच अंतरावर.

सेन्सर बसवले की प्रत्येक भोकाजवळ लोखंडी पाटी ठेवून तिच्यावर घणाचे ठोके मारायचे असतात. एकाने वर ठोका मारायचा, दुसऱ्याने स्क्रीनवर पाहायचं की हललेली रेघ त्याच सेन्सरची आहे ना. इतकी साधी गोष्ट. पहिल्या वेळी मी खाली साइट ऑफिसच्या कंटेनरमध्ये स्क्रीनसमोर बसले होते आणि वर तीन मजूर होते. फोनवर मी म्हणाले, "प्लीज, आता मारा."

आमचं घराणं तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं. घरात मारवाडी, शाळेत इंग्रजी, आणि मराठी मी बहुतेक दुकानात ऐकलेली. कापडाच्या ताग्यांमागे बसून गृहपाठ करताना गिऱ्हाइकांचं सगळं बोलणं कानावर यायचं, अहिराणीसुद्धा. समजायचं सगळं. बोलायची वेळ कधी आली नाही, आणि आली तेव्हा मी टाळली. त्यामुळे त्या दिवशी दुपारी चहाच्या टपरीवर एक मजूर टपरीवाल्याला म्हणाला, "भाऊ, प्लीज, साखर मारा," आणि बाकीचे खोकेपर्यंत हसले, तेव्हा मला त्यातलं काहीही समजावून सांगायची गरज नव्हती. मी चहाकडे बघत राहिले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पुढचा आठवडाभर साइटवर प्रत्येक गोष्ट प्लीज मारली जात होती.

हे मी कारण म्हणून सांगत नाही. पण नंतर जे झालं ते इथून सुरू झालं, हे मला माहीत आहे.

दहा-बारा दिवसांनी रानडुकरांनी केबल उकरून खाल्ली. वरच्या जंक्शनच्या पेटीजवळ पूर्वेची आणि पश्चिमेची केबल एकाच चरातून जायची, तिथेच. खोदकाम तेव्हा वस्तीपासून लांब होतं, तरी साइटचे मुख्य इंजिनियर, ज्यांना सगळे साहेब म्हणायचे, त्यांना यंत्रणा बंद ठेवायची नव्हती. शहरातून माणूस यायला चार दिवस लागले असते. म्हणून धुळे रस्त्यावरच्या एका गावातल्या वायरमनला बोलावलं. पन्नाशीचे गृहस्थ, विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेलं. सगळे त्यांना नाना म्हणायचे. त्यांनी उन्हात बसून दोन तासांत सगळे सांधे जोडले, टेप गुंडाळली, आणि खाली येऊन कंटेनरच्या दाराशी उभे राहिले. आत एसी होता म्हणून चप्पल काढून.

"ताई, जोडलं. चालू करून पाहून घ्या एकदा. काही उलटसुलट वाटलं तर सांगा, मी आहे अजून."

मी स्क्रीनकडे पाहिलं. चारही रेघा हलत होत्या. ठोके मारून पाहायचे तर कुणाला तरी घण घेऊन वर पाठवायला हवं होतं. फोनवर बोलायला हवं होतं. मजूर टपरीवर बसले होते, ते इथून दिसत होतं. मी नानांना म्हणाले, सगळं ठीक आहे. ते गेले. मग मी दुरुस्तीचा फॉर्म भरला. त्यात एक रकाना ठोक्यांच्या चाचणीचा होता. मी त्यात बरोबरची खूण केली आणि खाली सही केली.

मला त्या क्षणी काही वाटलं नाही. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण नंतर मी स्वतःला बरेचदा सांगून पाहिलं की तेव्हाच मनात काहीतरी खटकलं होतं. नव्हतं खटकलं. सुटका वाटली होती.

खोदकाम वस्तीच्या बाजूला आलं तसे हादरे वाढले. दिवसाला वीस-पंचवीस. मी प्रत्येकाची जागा काढायचे आणि नकाशावर लाल ठिपका ठेवायचे. सगळे ठिपके रेषेच्या पश्चिमेला, नाल्याच्या काठाने एका पट्ट्यात येत होते. जागेसोबत सॉफ्टवेअर उत्तरात किती चूक असेल तेही सांगतं, ती जवळजवळ शून्य होती. मला अभिमान वाटायचा. साहेबांनी वरिष्ठांसमोर एकदा सांगितलं की या मुलीचं काम फार स्वच्छ आहे.

त्याच दिवसांत वस्तीतून तक्रार आली. वस्ती म्हणजे चाळीसेक घरं आणि एका खोलीची अंगणवाडी. तिथल्या सेविकेला सगळे अक्का म्हणत. पंचेचाळीसच्या आसपासची, उंच, कमी बोलणारी बाई. त्यांचं म्हणणं होतं की अंगणवाडीच्या फरशीखालून धप्प असा आवाज येतो, कधी दिवसातून दोनदा, कधी पाचदा, आणि छताचं प्लास्टर सुटत चाललं आहे. मुलांना तिथून हलवायला हवं. कंपनीने तत्त्वतः मान्य केलं होतं की कामामुळे वस्तीखाली हादरे होत असतील, तर खाली रस्त्याकडेला पत्र्याचा वर्ग बांधून देऊ. होतात की नाही, हे माझा नकाशा सांगणार होता.

ग्रामपंचायतीच्या खोलीत बैठक झाली. साहेबांनी प्रोजेक्टर लावला. मी काही बोलायचं नाही, फक्त विचारलं तर सांगायचं, असं ठरलं होतं. ते मला बरंच वाटलं. भिंतीवर माझा नकाशा उमटला. मधून बोगद्याची रेषा, डावीकडे नाल्यापाशी लाल ठिपक्यांचा पुंजका, उजवीकडे वस्तीची घरं. घरांवर एकही ठिपका नव्हता.

अक्का उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात पोषण आहाराचं रजिस्टर होतं. त्याच्या मागच्या पानांवर त्यांनी प्रत्येक आवाजाची तारीख आणि वेळ लिहून ठेवली होती. त्यांनी ते उघडून माझ्यासमोर ठेवलं, कारण मी ठिपकेवाली होते. निळ्या शाईतलं गिचमिड मराठी. मी दोन पानं उलटली आणि रजिस्टर परत दिलं. साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले की आवाज बोगद्यातल्या सुरुंगांचा असेल, जमिनीतून वाहत येतो, माणसाला वाटतं पायाखालीच झाला.

अक्का साहेबांशी नाही, माझ्याशी बोलल्या. इतका वेळ त्या शुद्ध मराठी बोलत होत्या, ती सुटली आणि अहिराणी आली. "ताई, आठे वाजस. पोरे जेवाले बसतस ना, तठेच, खालतून. सुरुंगना आवाज माले समजस. हाऊ तो नही." आवाज इथलाच आहे, सुरुंगाचा नाही, असं त्या सांगत होत्या.

मागून कुणीतरी म्हणालं, "अक्काले नवी खोली जोयजे, बस." दुसऱ्याने लगेच विचारलं, "अक्का, ते भुईमा वाजस का तुम्हना पोटमा?"

खोली हसली. सरपंच हसले. साहेबांना ते कळलं नाही, पण सगळे हसले म्हणून तेही हसले. मला कळलं होतं, आणि मीही हसले. मोठ्याने नाही. ओठांनी. अक्का माझ्याकडेच पाहत होत्या, त्यामुळे त्यांना ते दिसलं. त्यांनी रजिस्टर मिटलं, पदर सारखा केला आणि खाली बसल्या.

पत्र्याचा वर्ग नाकारला गेला. बैठकीच्या इतिवृत्तात माझ्या नकाशाची प्रत जोडली होती.

तीन आठवड्यांनी पाचव्या सेन्सरचे भाग आले. तो वस्तीच्याही पलीकडे, पूर्वेला वरच्या अंगाला होता. तो चालू झाला त्या दुपारपासून सगळं बिघडलं. प्रत्येक हादऱ्यातली चूक एकदम मोठी दिसायला लागली. पाचवा सेन्सर म्हणायचा की धक्का मला फार लवकर पोचला, इतक्या लांबून तो येऊच शकत नाही. मी समजले की नवा सेन्सरच खराब. त्याला हिशेबातून काढलं की पुन्हा सगळं स्वच्छ. घातला की पुन्हा गोंधळ. दोन दिवस मी त्याला काढून काम केलं.

तिसऱ्या दिवशी जुन्या नोट्स उघडल्या आणि तिथे एक ओळ सापडली, जी परीक्षेसाठी मी पाठ केली होती. हादऱ्याच्या चार गोष्टी आपल्याला माहीत नसतात, जागेचे तीन आकडे आणि वेळ. कान चारच असतील, तर उत्तर जवळजवळ नेहमीच तंतोतंत जुळतं. ते बरोबर असेलच असं नाही. ते तपासायला पाचवा कान लागतो. म्हणजे माझ्या स्वच्छ कामाला काही अर्थच नव्हता. चार माणसांची साक्ष जुळते म्हणून मी खूश होते, आणि पाचवा पहिल्यांदा वेगळं बोलला तर त्यालाच खोटं ठरवत होते.

नाना त्या दिवशी पाचव्याच्या केबलसाठी आलेले होते. मी पहिल्यांदा आपणहून टपरीवर गेले. त्यांच्याशेजारी बाकावर बसले आणि विचारलं की डुकरांनी केबल खाल्ली तेव्हा कुठली वायर कुठे जायची हे तुम्ही कसं ओळखलं.

नाना म्हणाले, ओळखायला काय होतं ताई, रंग सगळे चावून टाकलेले. "मोटारीचं कसं, तीन वायरी असतात. जोडायच्या आणि बटण दाबायचं. उलटी फिरली, पाणी आलं नाही, की कोणत्याही दोन बदलायच्या. आधीपासून कशाला डोकं लावायचं? चालू केल्यावरच कळतं. म्हणून तर तुम्हाला म्हटलं होतं, पाहून घ्या." मग चहाचा घोट घेऊन अगदी सहज विचारलं, "का, उलटं फिरतंय का काही?"

त्यांच्या धंद्याची ती रीतच होती. जोडायचं आणि मालकाला सांगायचं, पाणी येतं का बघ. मालक विहिरीत वाकून बघतो, कारण पाणी त्याला हवं असतं. त्या दिवशी बघायचं काम माझं होतं.

मी नानांना घण घेऊन वर चलता का, असं विचारलं. ते आले. नाल्याजवळच्या भोकाशी त्यांनी पाटीवर घण मारला. मी लॅपटॉप वरच आणला होता. पूर्वेची रेघ उसळली. मग आम्ही रेषा ओलांडून वस्तीच्या कडेच्या भोकाशी गेलो. तिथे ठोका मारल्यावर पश्चिमेची रेघ उसळली. नानांनी स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि घण खाली ठेवला.

पूर्व आणि पश्चिम यांची अदलाबदल झाली होती. दोन्ही सेन्सर रेषेपासून सारख्या अंतरावर, उरलेले दोन रेषेवरच. त्यामुळे सगळा नकाशा आरशात पाहिल्यासारखा उलटला होता. सुरुंग रेषेवरच फुटायचे, ते जिथल्या तिथे दिसायचे, म्हणून शंका आली नाही. बाजूला होणारं सगळं मात्र दुसऱ्या बाजूला जात होतं. मी कंटेनरमध्ये येऊन नावं बदलली आणि पुन्हा हिशेब लावला, पाचही सेन्सर घेऊन. चूक एकदम कमी झाली. सगळे लाल ठिपके नाल्यावरून उठले आणि वस्तीखाली जाऊन बसले. अंगणवाडीचा चौकोन त्यांच्याखाली दिसेनासा झाला.

इथपर्यंतची गोष्ट मी कुणालाही सांगू शकते. चूक होते, सापडते. यानंतरचे चार दिवस मी कुणाला सांगितले नाहीत.

त्या चार दिवसांत मी साहेबांकडे गेले नाही. मुलं त्या छताखाली जेवायला बसत असतील, हे मला माहीत होतं. दुपारचे बारा वाजले की आठवायचं. पण मला तो फॉर्म आठवायचा आधी, त्यातली खूण, आणि खालची माझी सही. वायर उलटी जोडली गेली हे सांगितलं की पहिला प्रश्न येणार, मग ठोक्यांची चाचणी केली होती ना? मी त्याची उत्तरं तयार करत होते. चाचणीनंतर केबल पुन्हा हलली असेल. डुकरं पुन्हा आली असतील. एका संध्याकाळी मी खरंच पेटीपाशी जाऊन चर पुन्हा उकरलेला दिसतो का ते पाहिलं. नव्हता. मला वाईट वाटलं, की डुकरं पुन्हा आली नव्हती.

पाचव्या दिवशी मी साहेबांना सांगितलं, ते धीर आला म्हणून नाही. दुसऱ्या दिवशी पुण्याहून तपासणीला माणूस येणार होता आणि त्याला ते सापडलंच असतं. साहेब चांगले वागले. सापडलं हे उत्तम झालं, म्हणाले. पत्र्याच्या वर्गाचं काम सोमवारी सुरू करू, आणि अहवालात लिही की स्थानिक वायरमनकडून केबलची जोडणी उलट झाली होती. त्यांनी फॉर्मबद्दल विचारलंच नाही. मी नानांबद्दलची ओळ लिहिली, मग 'स्थानिक वायरमनकडून' एवढे शब्द खोडले, आणि स्वतःला फार प्रामाणिक समजले. माझ्याबद्दल काहीच लिहिलं नाही. तोच तो अडीच पानांचा अहवाल.

त्या दुपारी मी वस्तीत गेले. अक्कांना चांगली बातमी आपण द्यावी, असं मनात होतं. खरं तर बातमी दिली की बाकीचं बोलावं लागणार नाही, असं होतं.

अंगणवाडीला कुलूप होतं. मुलं समोरच्या कडुनिंबाखाली सतरंजीवर बसली होती, खिचडीच्या थाळ्या पुढ्यात. अक्का वाढत होत्या. मी विचारलं, बाहेर का? त्यांनी पळी ठेवली, कंबरेची किल्ली काढून कुलूप उघडलं आणि मला आत बघू दिलं. मधोमध छताचं प्लास्टर पडलं होतं. परातीएवढा तुकडा, फुटून पसरलेला. त्यांनी तो झाडला नव्हता.

कधी पडलं, मी विचारलं. त्यांनी वार सांगितला. माझ्या चार दिवसांतला दुसरा दिवस होता तो. वेळ दुपारची, जेवणाची.

कुणाला लागलं नव्हतं, कारण आत कुणीच नव्हतं. बैठकीच्या दुसऱ्या दिवसापासूनच अक्का मुलांना झाडाखाली बसवत होत्या. माझा नकाशा त्यांनी पाहिला, ऐकून घेतला आणि बाजूला ठेवला. मी वेळेवर सांगितलं असतं तरी काही वेगळं घडलं नसतं, असं कुणी म्हणेल. मी स्वतःच तसं म्हणून पाहिलं. पण मी गप्प होते तेव्हा मुलं बाहेर आहेत हे मला माहीत नव्हतं. मी ती आत आहेत असं समजून गप्प होते.

मी सांगितलं की हादरे वस्तीखालीच होतात, आता पक्कं झालं, सोमवारी वर्गाचं काम सुरू होतंय. अक्कांनी मान हलवली. त्यांना आनंद झालेला दिसला नाही. त्यांनी रजिस्टरमधून एक कागद काढून मला दिला. कुणीतरी तक्रार केली होती की सेविका मुलांना उन्हात, उघड्यावर बसवते. परवानगी न घेता मुलांना केंद्राबाहेर बसवल्याबद्दल तालुक्याच्या कार्यालयाने त्यांना नोटीस दिली होती. शुक्रवारी अकरा वाजता हजर राहून खुलासा करायचा. समाधानकारक नसेल तर सेवा संपवण्यात येईल.

"त्यांच्याकडे तुमचा नकाशा आहे," अक्का म्हणाल्या. "जुना. त्यात लिहिलंय, इथे काही नाही. मग मी पोरं बाहेर का बसवली?"

नवा नकाशा देते, मी म्हणाले. त्यांनी विचारलं, मग जुना खोटा कसा झाला ते कुणी सांगायचं? कार्यालयातल्या मॅडम विचारतीलच. मी इंग्रजी अहवाल देते म्हटलं. त्या हसल्या नाहीत, पण तसं काहीतरी चेहऱ्यावर आलं.

"मराठीत लिहून द्या. इथेच. आत्ता."

मी त्यांच्याच रजिस्टरचं कोरं पान घेऊन, ओट्यावर बसून लिहिलं. शाळा सुटल्यापासून मी मराठीत एवढं सलग काही लिहिलं नव्हतं. लिहिलं की दोन वायरी उलट जोडल्या गेल्यामुळे नकाशात बाजू बदलली, आता दुरुस्ती केली आहे. अक्कांनी कागद हातात घेऊन उभ्याउभ्या वाचला.

"वायरी कोणी जोडल्या?"

नानांनी, मी सांगितलं.

"नाना मोटारीवाले? ते माहीत आहेत मला. ते जोडून झालं की विचारतात, पाहून घ्या म्हणून." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "मग पाहायचं काम कोणाचं होतं?"

माझं, मी म्हणाले.

"पाहिलं होतं का?"

मुलं थाळ्या वाजवत होती. मी नाही म्हणाले. मग, त्यांनी विचारलंही नव्हतं तरी, खूण केल्याचं सांगितलं. न पाहता पाहिलं असं लिहिलं, आणि सही केली. चार दिवस गप्प होते हे सांगायला तोंड उघडलं, पण ते आलं नाही.

त्यांनी कागद माझ्यासमोर परत ठेवला. रागाने नाही. मुलाच्या पाटीवर राहिलेलं अक्षर दाखवावं तसा.

मी लिहिलं. ठोक्यांची चाचणी करणं माझी जबाबदारी होती. ती मी केली नाही. केली असं फॉर्मवर लिहिलं. त्यामुळे अंगणवाडी सेविकेचं म्हणणं खरं असूनही खोटं ठरलं. सही केली, नाव लिहिलं, हुद्दा लिहिला. अक्कांनी कागद घडी करून रजिस्टरमध्ये ठेवला आणि विचारलं, शुक्रवारी याल का? तुमच्या तोंडून ऐकलं तर मॅडमना पटेल. कार्यालय चाळीसगावातच होतं. माझ्या खोलीपासून पायी दहा मिनिटं.

मी येते म्हणाले.

गुरुवारी मी साहेबांकडे रजा मागितली आणि संध्याकाळच्या गाडीने जळगावला गेले. जाताना गाडीत असा विचार करत होते की सकाळच्या गाडीने परत येता येईल. शुक्रवारी सकाळी लवकर उठले, आंघोळ केली, बॅग भरून दारात ठेवली. आईने डबा दिला. मग मी पुन्हा आत जाऊन बसले. ते कार्यालय डोळ्यांसमोर येत होतं, टेबल, मॅडम, बाकावर बसलेल्या इतर सेविका, आणि मी मराठीत बोलते आहे, आणि त्या माझ्याकडे बघताहेत. गाडीची वेळ टळेपर्यंत मी बसून राहिले. आईने विचारलं, तर सांगितलं की सुटी वाढवली.

दुपारी दीड-दोनला नानांचा फोन आला. ते अक्कांच्या सोबत गेले होते, वायरींचं काही विचारलं तर सांगता यावं म्हणून. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, आपणहून गेले होते. त्यांनी सांगितलं, काम झालं. अक्कांनी माझं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं, सगळं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मॅडमनी रजिस्टरमधल्या वेळा आणि नवा नकाशा समोर ठेवून पाहिलं. नोटीस मागे घेतली.

"मग मॅडम विचारत होत्या, ही मुलगी स्वतः का नाही आली," नाना म्हणाले. "अक्का बोलल्या, तिले ताप येल शे. उठता बी येत नही बिचारीले."

नानांनीच पुढे विचारलं, "जास्ती आहे का ताप, ताई?"

मी म्हणाले, आता बरं आहे.